पहिल्या भागातलं पानी

सुनेने रेडिओसारखा एक कार्यक्रम करायचं ठरवलं आणि त्यात बोलायला मला बसवलं, त्याची ही हकीकत. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. कार्यक्रम रेडिओवर लागणार नव्हता, कॉम्प्युटरवर लागणार होता. ज्याला पाहिजे त्याने पाहिजे तेव्हा ऐकायचा. त्याला पॉडकास्ट म्हणतात हे तिने मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी विचारलं नाही.

तेव्हा आमच्या घरात मी, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात अशी चार माणसं होतो. वसईच्या पश्चिमेला, किनाऱ्याच्या बाजूला आमची वाडी आहे. आधी पानवेली होत्या, नंतर केळी आणि फुलं. माझे यजमान गेल्यावर वाडी मीच बघत होते. मुलगा अंधेरीला नोकरीला जायचा. सून आधी मुंबईत एका ऑफिसात होती. रेडिओवरच्या जाहिराती तिथे बनत. ते ऑफिस बंद पडलं, त्याच सुमारास नात झाली आणि सून घरी राहिली.

आता तिला पुन्हा नोकरी आली होती, अंधेरीलाच. सकाळी दहा ते रात्री आठ. एवढ्या लांबून लहान पोरीला टाकून ते जमणार नव्हतं, म्हणून दोघांनी तिकडे भाड्याने जागा बघितली होती. मला म्हणाले, तुम्हीही चला. दोन खोल्यांत मी काय करणार होते? वाडी कोणावर टाकणार होते? मी नाही म्हणाले. त्यांनी फार आग्रह केला नाही.

दुसरा रस्ता हा कार्यक्रम. मुंबईतल्या कुणी लोकांनी परदेशातल्या मराठी माणसांसाठी कॉम्प्युटरवर एक जागा उघडली होती. वेगवेगळ्या भागांतल्या बोली ऐकवायच्या, असं त्यांचं ठरत होतं. सुनेने वसईच्या बोलीचं सुचवलं. ते म्हणाले, पहिले तीन भाग करून महिनाअखेरपर्यंत पाठवा, आवडले तर काम तुम्हाला. घरी बसून करायचं काम. ते मिळालं तर अंधेरी रद्द. नाही मिळालं तर सामान बांधायचं.

मला एकटीने राहायचं नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तिने दुपारी जेवणं झाल्यावर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून मधे ठेवलं आणि त्यावर तीन चौकोन काढले.

"पहिला भाग परिचय," ती म्हणाली. "तुम्ही कोण, गाव कसं, घर कसं. दुसरा सुकेळी. तिसरा पानवेलीचा मळा."

मी म्हटलं, "परिचय कशाला? मी काय निवडणुकीला उभी राहिलेय?"

"लोकांना कळायला नको का कोण बोलतंय?"

"बोलायला लागलं की कळतं. बसमध्ये शेजारी बाई बसली तर ती आधी परिचय देते का? म्हणते, जरा सरका. तेवढ्यात कळतं बाई कशी आहे ते."

तिने पहिला चौकोन खोडला. हे मला आवडलं. सांगितलेलं पटलं तर ती वाद घालत बसत नसे. सुकेळी वर गेली आणि मधला चौकोन रिकामा राहिला. माझ्या मते तेच बरोबर होतं, कारण सुकेळीचा हंगाम चालू होता. बाहेर मांडवावर केळी वाळत होती. जे समोर आहे त्याबद्दल माणूस नीट बोलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. राजेळी केळी चांगली पिकवायची, सोलायची आणि काठ्यांच्या मांडवावर उन्हात वाळवायची. संध्याकाळी काढायची, झाकायची, सकाळी पुन्हा घालायची. पाच-सात दिवसांत ती मधाच्या रंगाची होतात. मग सुक्या पानात घट्ट गुंडाळून सोपटाने बांधायची. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची सुकलेली साल. एवढंच. पण हात बसायला दोन हंगाम जातात.

तिने साबणाच्या वडीएवढं एक यंत्र माझ्यासमोर स्टुलावर ठेवलं. स्वतः कानावर ते मोठे गोल लावले. बोट वर केलं. मी बोलले.

"सुकेळी हा आमच्या भागातील एक प्रसिद्ध खाद्यपदार्थ आहे. तो चवीला गोड व पौष्टिक असतो. सुकेळी करण्यासाठी प्रथम उत्तम प्रतीची केळी निवडावी लागतात."

अशी मी दहा मिनिटं बोलले. कुठे अडखळले नाही. झाल्यावर पदराने तोंड पुसलं. चांगलं झालं असं मला वाटलं.

सुनेने कानावरचं काढलं. "आई, हा निबंध झाला."

"म्हणजे?"

"त्यांना तुमची बोली हवीये. तुम्ही घरात बोलता तशी."

"घरात मी अशीच बोलते."

मी खोटं बोलले नव्हते. तिच्याशी मी अशीच बोलत होते. फक्त व आणि प्रथम एवढे शब्द जास्तीचे होते.

याचं कारण शाळेत आहे. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या बोलीत ण नाही. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. पहिलीत गेले तेव्हा मास्तर घाटावरचे होते. मी पानी म्हटलं की ते वर्गाच्या दाराशी उभं करत आणि शंभर वेळा पाणी म्हणायला लावत. तहान लागली म्हणून पानी मागितलं तर पाणी म्हणेपर्यंत ते मिळत नसे. चार वर्षांत माझा ण पक्का झाला. बाकी शाळेतलं फारसं राहिलं नाही, ण राहिला. पण तो शाळेपुरताच. घराच्या ओट्यावर पाय ठेवला की पुन्हा पानी. घरात कोणी ण लावून बोललं तर आजी म्हणायची, "कोन पावना आलाय गो?" आमच्यात लहान-मोठं सगळं तू असतं. बापालाही तू, सासूलाही तू. अहो-जाहो आणि ण हे परक्यासाठी. तलाठ्यासाठी, डॉक्टरसाठी, पाहुण्यासाठी.

मग मुलाने लग्न ठरवलं. मुलगी पुण्याकडची, तिकडच्या एका मास्तरांची. मला ते कळलं तेव्हा पहिला विचार आला तो तिच्या जातीचा किंवा स्वयंपाकाचा नाही. मनात आलं, मास्तरांच्या मुलीसमोर पानी कसं म्हणायचं? ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "पाणी घ्या." पुढे घ्याचं घे झालं, पण ण राहिला. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

तेव्हा यंत्रासमोर माझ्या तोंडून जे आलं ते बरोबरच होतं. समोर ती बसली होती.

"मग मी बाहेर जाते," सून म्हणाली. "तुम्ही एकट्याच बोला."

ती बाहेर गेली. मी स्टुलावरच्या वडीकडे बघत बसले. साबणाच्या वडीशी आपल्या बोलीत काय बोलणार? दोन-तीन वेळा तोंड उघडलं. एकदा "आता काय करायचं," एवढं म्हटलं. पुढे काही आलं नाही. तिने ते मुंबईला कोणाला तरी ऐकवलं असतं तर त्यांनी मला वेडी ठरवलं असतं.

संध्याकाळी मांडवावरची केळी काढताना तिनेच विचारलं, "ही बोली तुम्ही आता कुणाशी बोलता?"

मी मोजलं. सासू गेलेली. यजमान गेलेले. मुलगा माझ्याशी बोलायचा, पण मुंबईचं, त्यात निम्मं हिंदी. कामाला येणाऱ्या बायका गोखिवऱ्याकडून येत, त्या आपलं काहीतरी बोलत. राहिली एक.

"कोणाशी नाही," मी म्हटलं.

"काकींशी?"

काकी म्हणजे माझी मोठी जाऊ. दोन घरांच्या मधे एक पायवाट आणि सामाईक विहीर. तिचे यजमान गेलेले, मुली लग्न होऊन गेलेल्या, ती एकटी राहायची. आमचं बोलणं बंद नव्हतं. लोकांना वाटायचं दोघींचं चांगलं आहे. सणाला वाटी जायची, वाटी यायची. फरक एकच होता आणि तो बाहेरच्या कोणाला कळला नसता. आम्ही दोघी एकमेकींशी शुद्ध बोलत होतो.

ते असं झालं. मुलाच्या लग्नात वरण वाढताना जाऊ चार बायकांच्या देखत म्हणाली, "सून नाय आनली, पावनी आनली. आता या घरात बोलनार कोन?" बायका हसल्या. मला ते लागलं. मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्या ओट्यावर आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, "या जाऊबाई, आपण बसा. पाणी आणू का?"

तिचा चेहरा मी बघितला. थोबाडीत मारली असती तर तिने उलटी मारली असती आणि विषय संपला असता. पण पाणी म्हटल्यावर काय करणार? ती बसली. म्हणाली, "नको, आपण त्रास घेऊ नका." तीही चौथी पास, माझ्याच शाळेतली. तिचाही ण पक्का होता.

तेव्हापासून तेच. विहिरीवर भेटलो की, "आज ऊन फार आहे नाही का?" "हो, फारच आहे." जणू दोन मास्तरणी.

हे सगळं सुनेला मी सांगितलं नव्हतं. तिला ती दोघींची बोलायची रीत वाटत असणार. मी फक्त म्हटलं, "ती यायची नाही."

"विचारून बघायला काय जातंय?"

काय जातंय ते मला माहीत होतं. पण महिनाअखेरीला बारा दिवस उरले होते. अंधेरीच्या घरमालकाचे फोन येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायवाट ओलांडून गेले. सून माझ्या मागे यंत्र घेऊन.

जाऊ ओट्यावर पाय लांब करून सोपट फाडत बसली होती. आम्हाला बघून पाय आत घेतले.

"यावं," ती म्हणाली.

"आपल्याकडे एक काम होतं," मी म्हटलं.

"सांगावं."

सुनेने सांगितलं. पॉडकास्ट म्हणजे काय, कोण ऐकणार, किती भाग. जाऊ कान देऊन ऐकत होती. कास्ट शब्द आला तशी तिने हातातलं सोपट खाली ठेवलं.

"कास्ट?" ती मला म्हणाली. "पुन्हा दाखला मागत आहेत का? मागच्या वर्षीच थोरल्या मुलीच्या नोकरीसाठी तहसीलमध्ये चार चकरा मारल्या. आता मी कोणताही कागद देणार नाही."

"तसं नाही काकी," सून म्हणाली. "जातीचा नाही. पॉडकास्ट. हा एकच शब्द आहे."

"पाटकास्ट?"

"पॉड."

"पाटाच्या पाण्याची जात?" जाऊने मला विचारलं, अगदी शुद्ध, तोंडावरची रेष न हलवता. ती थट्टा करत होती हे मला कळलं. सुनेला कळलं नसावं, तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

"आपण काय बोललात ते तरी ऐकवा," जाऊ शेवटी म्हणाली.

सुनेने यंत्राचं बटण दाबलं. ओट्यावर माझा आवाज आला. सुकेळी हा आमच्या भागातील एक प्रसिद्ध खाद्यपदार्थ आहे. मी खाली बघत होते. स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते आणि तो पंचायतीच्या लाउडस्पीकरवरच्या बाईसारखा होता. तो चवीला गोड व पौष्टिक असतो. जाऊ मान तिरकी करून ऐकत होती. प्रथम उत्तम प्रतीची केळी निवडावी लागतात, इथपर्यंत आलं आणि तिने तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले.

"ही कोन बाय बोलते गो?" ती म्हणाली.

आणि मी म्हटलं, "तुजी जाऊ बोलते. कोन बोलनार?"

आठ वर्षांनी. आधी ठरवलं असतं तर जमलं नसतं.

जाऊ हसायची थांबली. मग म्हणाली, "पौष्टिक कदी झाली गो सुकेळी? मना कोनी सांगितला नाय." आणि पुन्हा हसायला लागली, ती खोकला येईपर्यंत. मी आत जाऊन तिला पानी आणून दिलं. कोणती भांडी कुठे आहेत ते मला विचारावं लागलं नाही. सगळं जिथल्या तिथे होतं.

सुनेने यंत्र पुढे केलं. "आता बोललात ना, तेच परत बोला."

आम्ही दोघींनी यंत्राकडे बघितलं.

"आपण आधी बोला," मी जाऊला म्हटलं.

"नाही, आपण," जाऊ म्हणाली.

सुनेने कपाळाला हात लावला.

त्यावर उपाय जाऊनेच काढला. म्हणाली, हाताला काम पाहिजे. रिकाम्या हाताने बसलं की शाळा आठवते. म्हणून तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर वाळलेल्या केळ्यांची सुपं मधे घेतली, सुकी पानं भिजवून ठेवली, आणि दोघी बांधायला बसलो. यंत्र सुपाखाली सरकवलं. सून भिंतीला टेकून ते गोल कानाला लावून बसली. पाच मिनिटांत आम्ही तिला विसरलो.

काय बोललो? जाऊने माझी पहिलीच वळकटी सोडून टाकली. म्हणाली, सैल आहे, सासूने बघितलं असतं तर विहिरीत टाकली असती. मी म्हटलं, सासूने तुझ्या कितीदा टाकल्या ते मी बघितलंय. तिथून सासू आली, सासूची नणंद आली, एका वर्षी मांडवावर केळी असताना अवेळी ढग आले आणि सगळी केळी घरात पलंगावर घालून आम्ही जमिनीवर झोपलो ते आलं. आमची बोली लिहायची कशी हे मला शिकवलेलं नाही, म्हणून इथे मी पुस्तकी लिहिते आहे. तिथे तसं काही नव्हतं. तोंडाला कडी नव्हती.

मग एक वळकटी बांधता बांधता जाऊने विचारलं, "ती रानार का?"

सुनेबद्दल विचारलं, तिच्या देखत. ती दोन हातांच्या अंतरावर बसली होती. पण आम्ही पाहुण्यासमोर बोलतो तसं बोललो, पाहुण्याला बोली कळत नाही असं धरून.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, माहीत नाही. हे काम झालं तर राहील. नाही झालं तर जातील. गेली तर मला करमायचं नाही. पोराला मी धरून ठेवणार नाही, तो आधीपासून मुंबईचाच आहे. पण सकाळी उठून चहा कोणाबरोबर पिऊ?

जाऊ म्हणाली, "मी कोनाबरोबर पिते?"

आम्ही उरलेली सुकेळी बांधली. नंतर जाऊने सासूच्या नणंदेची गोष्ट काढली आणि बोलणं पुढे गेलं. सून तशीच बसून होती, कानाला लावून, डोळे सुपावर.

असं पाच-सहा दिवस चाललं. तीन भागांपुरतं झालं: पहिला सुकेळीचा, मधला सासूच्या गोष्टींचा. तिसरा पानवेलीचा भाग जाऊने एकटीने खाल्ला, मला बोलू दिलं नाही, कारण लग्न होऊन ती आधी आली होती आणि चांगला मळा तिनेच बघितला होता.

पण मुंबईच्या लोकांनी एक अट घातली होती. बोली पाहिजे, पण नागपूरच्या माणसालाही कळलं पाहिजे. म्हणून सुनेने कॅलेंडरच्या पानावर प्रत्येक चौकोनाचे तुकडे पाडले. थोडं दोघींचं बोलणं, मग त्याचा अर्थ शुद्ध मराठीत. पुन्हा बोलणं, पुन्हा अर्थ.

"अर्थ कोण सांगणार?" मी विचारलं.

"तुम्हीच. तुमच्यासारखं शुद्ध कोण बोलतं?"

टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. काम मात्र बरोबर वाटून दिलं होतं. माझा शाळेतला ण फुकट जाणार नव्हता.

दुपारी नात झोपली की आम्ही बसायचो. सून थोडं ऐकवायची, थांबवायची, यंत्र माझ्यापुढे धरायची. मी सांगायचे. "जाऊबाईंचं म्हणणं असं की पान भिजवलेलं नसेल तर ते तडकतं." असं. हे मला सोपं गेलं. एकदा ती म्हणाली, जाऊबाई नको, जाऊ म्हणा. मी जाऊ म्हटलं.

पहिला भाग संपत आला तेव्हा तिने बटण दाबलं आणि जाऊचा आवाज आला. ती रानार का? मग माझा. सगळं. चहापर्यंत. मग जाऊचं उत्तर. मग तिने थांबवलं.

मला वाटलं होतं एवढं तिने आधीच कापलं असेल. कापायचं का म्हणून तिने विचारलंही नव्हतं. आणि ती का विचारील? तिला काय कळलंय, असं मी समजत होते. तिने यंत्र माझ्यापुढे धरलं.

"याचा अर्थ," ती म्हणाली.

केळी वेळेवर काढली नाहीत तर काळी पडतात, असं काहीतरी सांगून टाकावं, हे माझ्या मनात आलं होतं. पण ते नागपूरच्या माणसाला खपलं असतं, परदेशात बसलेल्या आमच्याकडच्या माणसाला नसतं. कोणीतरी हसलं असतं. म्हणून मी सांगितलं, ण लावून, सगळे शब्द जागेवर ठेवून. "जाऊने विचारलं, सून राहणार का. मी म्हणाले, सांगता येत नाही. ती राहिली तर मला बरं वाटेल. घरात सोबत होते."

सुनेने बटणावरचं बोट काढलं नाही.

"आई, चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"बरं वाटेल असं तुम्ही तिथे नाही म्हणालात. करमायचं नाही, म्हणालात. आणि चहाचं गाळलंत."

मी तिच्याकडे बघितलं. ती यंत्राकडे बघत होती.

"तुला कळतं?"

"आठ वर्षं या घरात राहतेय. तुम्ही मेलेल्या माणसांना शिव्या घालता त्या सुद्धा कळतात."

"मग बोलली नाहीस ती कधी?"

"तुम्ही माझ्याशी कधी बोललात?"

घरात नातीच्या झोपाळ्याची कडी वाजत होती. जाऊ लग्नात जे म्हणाली होती ते मला तेव्हा नीट समजलं. मी आठ वर्षं तिच्यावर रागावले होते की तिने माझ्या सुनेला पाहुणी म्हटलं. आणि आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ सुनेला पाणी देऊन मीच तिला पाहुणी ठेवलं होतं. मास्तरांच्या मुलीची मला लाज वाटत होती. तिला माझी वाटत होती की नाही हे मी विचारलंच नव्हतं.

"हे कापायचं की ठेवायचं?" तिने विचारलं.

"लोकांना आपल्या घरातलं कशाला ऐकवायचं?"

"मग कापते. पण अर्थ मला नीट पाहिजे होता."

तिने काहीतरी दाबलं. यंत्रावरचा लाल ठिपका गेला.

अंधेरीच्या घरमालकाला त्या आठवड्यात नाही म्हणून कळवलं. मुंबईच्या लोकांचं उत्तर त्यानंतर चार दिवसांनी आलं. ते हो म्हणाले. पण ठरलं ते उत्तर यायच्या आधी. नाही म्हणाले असते तर काय केलं असतंस, असं मी नंतर एकदा तिला विचारलं. म्हणाली, गोखिवऱ्याला एखाद्या कारखान्यात हिशेब लिहायला गेले असते, तिथे काय माणसं काम करत नाहीत का? कार्यक्रम पुढे चौदा भाग चालला आणि मग त्या लोकांनीच दुकान बंद केलं. तोवर तिला वसईतच दुसरं काम मिळालं होतं. जाऊचा सकाळचा चहा आमच्या ओट्यावर होऊ लागला. ती साखर जास्त मागायची आणि डॉक्टरचं नाव काढलं की आपण-आपण करून बोलायची.

त्या दुपारचं तेवढं सांगायचं राहिलं. लाल ठिपका गेल्यावर सुनेने यंत्र स्टुलावर ठेवलं. चहाची वेळ झाली होती. मी म्हटलं, "जा गो, चायचा पानी ठेव."

माझी जीभ जड झाली होती. पहिलीच्या वर्गात पाणी म्हणताना व्हायची तशीच.

"किती ठेवू? काकी येनार ना?" सून म्हणाली, आणि उठली. तिचा न जरा जोरात पडला होता. मी तो दुरुस्त केला नाही.